दहा-बारा बिऱ्हाडांची इमारत : नागपुरी फ्लॅट स्कीमची वाटचाल

धरमपेठ, रामदासपेठ, धंतोली, शंकरनगर, बजाजनगर या भागांतल्या आतल्या रस्त्यांवर तीन-चार मजल्यांच्या जुन्या इमारती अजून उभ्या आहेत. खाली पार्किंग, वर दर मजल्यावर दोन किंवा तीन घरे, मधून जिना, खिडक्यांबाहेर कूलरचे लोखंडी स्टँड आणि गच्चीवर सिमेंटची टाकी. नागपूरकर त्यांना फ्लॅट स्कीम म्हणतात. दहा-बारा बिऱ्हाडे, एक समाईक मीटर, एक मोटर आणि एक असोसिएशन, एवढाच त्यांचा पसारा.

शाळा, वाचनालये, बँका यांचे सुवर्णमहोत्सव होतात, स्मरणिका निघतात. तीस-चाळीस वर्षे एक इमारत चालवणाऱ्या दहा-बारा घरांची स्मरणिका निघत नाही. वास्तविक तीही संस्थाच आहे. तिला नियम आहेत, खजिनदार आहे, वार्षिक सभा आहे, मतभेद आणि समेट आहेत. आज यांतल्या बऱ्याच इमारती पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर आहेत. पुढचा निर्णय नीट व्हायचा असेल तर इथवर आपण कसे आलो, हे रहिवाशांना ठाऊक असले पाहिजे. त्यासाठी ही वाटचाल.

प्लॉटांचे शहर

१८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले, १८६७ मध्ये रेल्वे आली आणि १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. महाल-इतवारीच्या बाजूला वाडे आणि दाट वस्ती होती, सिव्हिल लाइन्समध्ये साहेबांचे बंगले. या दोहोंच्या मधला जो वर्ग वाढत गेला, म्हणजे वकील, शिक्षक, डॉक्टर, कचेरीतले नोकरदार, तो सीताबर्डीच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला सरकू लागला. १९२० च्या काँग्रेस अधिवेशनाची आठवण नावात जपणारे काँग्रेसनगर याच पट्ट्यात येते.

या वाढीला शिस्त लावण्यासाठी १९३६ चा नागपूर सुधार प्रन्यास कायदा झाला. प्रन्यासाचे, म्हणजे नासुप्रचे, काम सरळ होते : जमीन संपादित करायची, रस्ते आणि नाल्या आखायच्या, प्लॉट पाडायचे आणि ते भाडेपट्ट्याने द्यायचे. पुढे गृहनिर्माण सहकारी संस्थांनीही जमिनी घेऊन लेआऊट पाडले आणि सभासदांना प्लॉट वाटले. त्यामुळे आपल्या प्लॉटवर आपले घर, पुढे व्हरांडा, मागे विहीर, कंपाउंडला लागून लिंबू नि पेरू, ही इथल्या मध्यमवर्गाची घराची कल्पना झाली.

मुंबईत हीच गरज वेगळ्या रीतीने भागली. तिथे जागा अपुरी होती. १९१५ मध्ये गावदेवीला श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली आणि मध्यमवर्गीय कुटुंबांनी एका इमारतीत, एकत्र मालकीने राहण्याचा पायंडा पडला. नागपूरला त्या काळी अशी निकड नव्हती. चारी बाजूंना मोकळी जमीन होती. इथल्या संस्थेने सभासदाला जमिनीचा तुकडा दिला, की घर त्याचे त्याने बांधायचे. शेजाऱ्याशी संबंध कंपाउंडच्या भिंतीपुरता आणि सणावाराच्या ताटापुरता. छप्पर, टाकी, जिना हे कोणाबरोबर वाटून घेण्याचा अनुभव या शहराला नव्हता. तो पुढे फ्लॅट स्कीमने दिला.

बंगल्याची वाटणी

१९५६ मध्ये राज्य पुनर्रचना झाली आणि नागपूरचे राजधानीपण गेले. शहर मात्र आटले नाही. १९५१ च्या जनगणनेत साडेचार लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या १९८१ मध्ये बारा लाखांवर गेली. १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय इथे आले. वीज मंडळ, बँका, आयुर्विमा, विद्यापीठ, सरकारी कार्यालये यांतला नोकरदार वाढला. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, अमरावतीकडची कुटुंबे मुलांच्या शिक्षणासाठी आणि औषधपाण्यासाठी नागपुरात घर शोधू लागली.

भाड्याने घर मिळणे तेव्हा सोपे नव्हते. विदर्भात १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश लागू होता. घर रिकामे झाले की ते प्रशासनाला कळवायचे, प्रशासन ते सरकारी कर्मचाऱ्याला देऊ शके. आणि भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देण्याआधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागे. भाडेकरूंना त्याने मोठे संरक्षण मिळाले, पण भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधायला मालक कचरू लागले. २००० मध्ये महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू होईपर्यंत ही व्यवस्था टिकली. नोकरदाराला मग एकच वाट उरे : लहान का होईना, मालकीचे घर.

दुसऱ्या बाजूला बंगल्यांमधली पहिली पिढी थकली होती. एक प्लॉट आणि तीन-चार वारस. त्यांतला कोणी पुण्यात, कोणी मुंबईत, कोणी परदेशात. व्हरांड्याचे आणि विहिरीचे चार भाग कसे करायचे? अशा वेळी बिल्डरचा प्रस्ताव घरात येई. बंगला पाडायचा, त्या जागी आठ-दहा फ्लॅट उभारायचे, प्रत्येक वारसाला एकेक द्यायचा आणि उरलेले विकायचे. न्यायालयात वर्षानुवर्षे चालली असती अशी वाटणी एका बांधकामात उरकून जाई. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मोकळी जमीन राखून ठेवण्यावर मर्यादा आणली होती. १९७७ मध्ये एचडीएफसी सुरू झाली आणि पगारदाराला घरासाठी कर्ज मिळण्याची सोय वाढत गेली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तुरळक दिसणाऱ्या फ्लॅट स्कीम ऐंशीच्या दशकात पश्चिम आणि दक्षिण नागपुरात गल्लोगल्ली उभ्या राहिल्या.

म्हणूनच अनेक जुन्या इमारतींत पहिल्या मजल्यावर जमिनीच्या मूळ मालकाचे कुटुंब आणि त्याच्या आजूबाजूला बाहेरून आलेली बिऱ्हाडे, अशी रचना आढळते. कंपाउंडमधले जुने झाड, वापरात असलेली किंवा झाकलेली विहीर याही त्या बंगल्याच्याच खुणा.

बांधकाम त्या काळाला साजेसे होते. कन्हानची रेती, भट्टीची वीट, सिमेंट-लोखंडाचा सांगाडा. नागपूरच्या मोठ्या भागाची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया तिच्याखालच्या मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेला असेल तर इमारत वर्षानुवर्षे निश्चल राहते. तिथे हात आखडला असेल तर कंपाउंडची भिंत आणि तळमजल्याची फरशी आधी बोलू लागते. चाळीस वर्षांनंतर आज इमारतीची तब्येत पाहताना त्या न दिसणाऱ्या भागाची पारख आधी करावी लागते ती यामुळे.

घोषणापत्र आणि अविभक्त हिस्सा

या इमारतींना कायद्याची चौकट मिळाली ती तीन कायद्यांतून. १९६० चा सहकारी संस्था कायदा, १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आणि १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा. मुंबईत सहकारी सोसायटीची रीत रुजली. तिथे जमीन आणि इमारत संस्थेच्या नावे होते आणि सभासदाकडे भागपत्र राहते. नागपुरात बहुतेक फ्लॅट स्कीम १९७० च्या कायद्याने बांधल्या गेल्या. हा कायदा पाच किंवा अधिक घरांच्या इमारतीला लावता येतो. जमीनमालक डिक्लेरेशन डीड, म्हणजे घोषणापत्र, नोंदवतो. त्यात जमीन, इमारत, प्रत्येक फ्लॅट, समाईक जागा आणि प्रत्येकाचा टक्केवारीतला हिस्सा लिहिलेला असतो. त्यासोबत उपविधी असतात. मग प्रत्येक फ्लॅटचे स्वतंत्र विक्रीपत्र होते.

या कायद्याचे मर्म ‘अविभक्त हिस्सा’ या दोन शब्दांत आहे. समजा, ६,००० चौरस फुटांच्या प्लॉटवर सारख्या किमतीचे दहा फ्लॅट आहेत. प्रत्येकाचा हिस्सा १० टक्के, म्हणजे ६०० चौरस फूट जमीन. पण ही जमीन नेमकी कुठली, हे कोणालाही बोटाने दाखवता येत नाही. ती मागून घेता येत नाही, तिची वाटणी होत नाही, फ्लॅटपासून तोडून ती विकता येत नाही. पाया, खांब, छप्पर, जिना, टाकी यांतही तसाच हिस्सा. हिस्सा ठरतो फ्लॅटच्या किमतीच्या प्रमाणात आणि सभेतले मतही त्याच टक्केवारीने मोजले जाते.

खर्चाच्या बाबतीत कायदा तितकाच स्पष्ट आहे. मी लिफ्ट वापरत नाही, मी गच्चीवर जात नाही, माझा फ्लॅट बंद आहे, अशी कारणे सांगून समाईक खर्चातून सुटता येत नाही. थकबाकीचा बोजा त्या फ्लॅटवर चढतो. वाटणीसाठी जन्मलेल्या इमारतीला कायद्याने अशी न तुटणारी गाठ घातली, आणि माझ्या मते फ्लॅट स्कीमचे सगळे बळ त्या गाठीत आहे.

या चौकटीत काही वाद वर्षानुवर्षे रेंगाळले. त्यांतला मोठा पार्किंगचा. इमारती बांधल्या गेल्या तेव्हा खाली सायकली, लुना आणि स्कूटर असत. दोन मोटारी म्हणजे पुष्कळ. पुढे दर घरी मोटार आली आणि खांबांमधल्या जागेला भाव आला. स्टिल्ट पार्किंग हा इमारतीच्या समाईक जागेचा भाग आहे, बिल्डरला तो फ्लॅटसारखा वेगळा विकता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईतल्या नहालचंद लालूचंद खटल्यात दिला. त्या निकालाने राज्यातल्या जुन्या इमारतींमधल्या अनेक भांडणांना दिशा मिळाली.

रोजचा कारभार

कायदा कागदावर असतो. इमारत चालते ती कोणीतरी मोटर वेळेवर सुरू करतो म्हणून. दहा-बारा घरांच्या स्कीमला व्यवस्थापक परवडत नाही. सेवानिवृत्त बँक अधिकारी हिशेब ठेवतो, कोणी वीज मंडळातले काका मीटर आणि पंपाचे पाहतात, कोणी काकू झाडणाऱ्या बाईच्या पगाराचे आणि रजेचे पाहतात. जिन्यातला दिवा, टाकी धुणे, नाली तुंबणे, गच्ची गळणे, चौकीदाराची खोली, या कामांनी असोसिएशनची वही भरते. ज्या स्कीममध्ये ती वही पहिल्या वर्षापासून जपली गेली, तिथे आज भांडणे कमी आहेत, कारण कोणी किती दिले आणि कशासाठी दिले हे सगळ्यांना दिसते.

बंगल्याचे अंगण गेले, त्याची जागा गच्चीने घेतली. पूर्वी मे महिन्यात सांडगे, कुरडया आणि पापडांची वाळवणे तिथे पसरत आणि रात्री तिथेच गाद्या पडत. कोजागिरीचे दूध तिथे आटते, गणपती पार्किंगमध्ये बसतो. भाद्रपदात एका घरी महालक्ष्म्या बसल्या की साऱ्या इमारतीला जेवणाचे निमंत्रण असते. महाल-इतवारीतून, वऱ्हाडातून, छत्तीसगडच्या सीमेकडून आलेली, मराठी, हिंदी, तेलुगू, बंगाली बोलणारी घरे एका जिन्यावर राहायला शिकली. आपल्या जातीचे, आपल्या गावचे शेजारी निवडण्याची मुभा लेआऊटमध्ये थोडीफार होती. फ्लॅट स्कीमने ती बरीच कमी केली. या शहराला तिने दिलेली ही मोठी देणगी मी मानतो.

२०२० च्या टाळेबंदीत या शेजाराची कसोटी लागली. मुले पुण्या-बंगळुरूला किंवा परदेशात आणि आईवडील इथे, अशी घरे या इमारतींत पुष्कळ. दूध, भाजी, औषधे कोणी आणायची हे जिन्यातच ठरले. दहा घरांना एकमेकांचे रक्तदाब आणि साखर ठाऊक असतात, हे लहान इमारतीचे सामर्थ्य आहे.

ऊन आणि पाणी

नागपुरातली कुठलीही इमारत दरवर्षी उन्हाळ्याशी झगडते. मे २०१३ मध्ये इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. सगळ्यात वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर उष्णता सोडतो. बंगल्यात वाळ्याच्या ताट्या होत्या, फ्लॅटमध्ये कूलर आला. कूलरला पाणी लागते, आणि नेमके उन्हाळ्यात पाणी कमी. कन्हान आणि पेंचचे पाणी पालिकेच्या नळाने खालच्या टाकीत, तिथून मोटरने गच्चीवर आणि तिथून घरोघरी, ही सगळी साखळी समाईक. एका घरची तोटी गळली तर वरच्या टाकीचे नुकसान सर्वांचे. चोवीस तास पाण्याच्या योजनेची सुरुवात नागपुरात धरमपेठ भागातल्या प्रायोगिक प्रकल्पाने झाली आणि २०१२ पासून ती शहरभर नेण्याचे काम ऑरेंज सिटी वॉटरकडे आले. पण नळाला पाणी कितीही वेळ असो, जुने पाइप, जुनी टाकी आणि जुनी मोटर यांची देखभाल इमारतीलाच करावी लागते.

पाण्याचे दुसरे रूप २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे दिसले. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर या भागांत शिरले. बैठी घरे आणि इमारतींचे तळमजले बुडाले, मोटारी तरंगल्या, लष्कर आणि आपत्ती दलांना बोलवावे लागले. खाली पार्किंग आणि वर घरे या साध्या रचनेने अनेक कुटुंबांचे संसार वाचवले; पण मोटर, मीटर आणि वाहने जिथे असतात तो भाग पहिल्यांदा बुडतो, हेही त्या पहाटेने शिकवले. मीटर-बोर्ड आणि पंपाचा स्विच वर उचलून घेणे, नाल्याकडच्या बाजूचे पाणी वाहते ठेवणे ही कामे आता प्रत्येक असोसिएशनच्या यादीत आली पाहिजेत.

मेट्रो आणि पुनर्विकास

२०१९ मध्ये नागपूर मेट्रो धावू लागली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या टप्प्याचे मार्ग पूर्ण झाले. शंकरनगर चौक, एलएडी चौक, काँग्रेसनगर ही स्थानके जुन्या फ्लॅट स्कीमच्या वस्त्यांतच आहेत. मेट्रोमार्गाच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरच्या पट्ट्यात, रस्त्याच्या रुंदीनुसार, चारपर्यंत चटई क्षेत्र निर्देशांकाची तरतूद झाली. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. चाळीस वर्षांपूर्वी दहा फ्लॅट पुरेसे वाटलेल्या जमिनीवर आता कितीतरी जास्त बांधकाम होऊ शकते. बिल्डर पुन्हा दारात आला आहे. पूर्वी तो एका कुटुंबाकडे येई. आता दहा कुटुंबांकडे येतो.

अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारतीत पुनर्विकासाला पूर्वी सर्वांची संमती लागे. एकाने मान हलवली नाही की काम अडे. कायद्यातल्या दुरुस्तीने आता बहुमताची वाट मोकळी झाली आहे. २०१६ चा रेरा कायदा महाराष्ट्रात २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला आणि नव्या प्रकल्पांत चटई क्षेत्रफळ, मुदत, खात्यातला पैसा यांवर नजर आली. ही सगळी साधने चांगली आहेत. तरीही बहुमत हे चर्चेच्या जागी वापरायचे हत्यार नव्हे. नऊ घरांनी एका वृद्ध दांपत्याचे न ऐकता पुढे जाणे कायद्यात बसेल, पण चाळीस वर्षांच्या शेजाराला ते शोभणार नाही.

प्रत्यक्षात काम अडते ते बहुधा कागदांवर. आखीव पत्रिकेवर, म्हणजे मिळकतीच्या सरकारी नोंदीवर, मूळ मालकाचेच नाव असते. प्लॉट नासुप्रचा असेल तर भाडेपट्ट्याचे नूतनीकरण राहिलेले असते. नझूलची, म्हणजे शहरातली सरकारी, जमीन असेल तर तिचा वेगळा हिशेब. घोषणापत्राची प्रत सापडत नाही, मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम जुळत नाही, एखादा फ्लॅट वारसांच्या नावे लागलेलाच नाही. यांतले प्रत्येक काम शांत काळात सहज होते आणि बिल्डर समोर बसल्यावर अवघड होते.

आता काय करावे

तीस वर्षे झालेल्या इमारतीची संरचना तपासून घेणे महानगरपालिका कायद्याने आवश्यक आहे. ते टाळू नये. त्या अहवालाशिवाय ‘पाडायची की दुरुस्त करायची’ ही चर्चा नुसत्या मतांवर चालते. अनेक इमारती गच्चीचे जलरोधन, खांबांची दुरुस्ती आणि नवे नळकाम एवढ्याने आणखी बरीच वर्षे सुखाने उभ्या राहतील. पाडणे हा एकच मार्ग आहे असे सांगणाऱ्याला आधी अहवाल दाखवायला सांगावा.

दुसरे, दुरुस्तीचा निधी. महिन्याच्या वर्गणीत तो थोडा थोडा साठवलेला असेल तर इमारत कोणाच्या प्रस्तावासमोर हतबल होत नाही. तिसरे, कागदपत्रांची एक फाईल : घोषणापत्र, उपविधी, मंजूर नकाशा, आखीव पत्रिका, भाडेपट्टा, प्रत्येकाचे विक्रीपत्र आणि सभांची इतिवृत्ते. तिच्या प्रती प्रत्येक घरी असाव्यात, म्हणजे ज्या एका काकांना सगळे ठाऊक होते ते गेल्यावर इमारत अनाथ होत नाही. चौथे, सभा. बाहेरगावच्या मालकांनाही फोनवर जोडून घ्यावे, कारण जमिनीचा हिस्सा त्यांचाही आहे.

आणि पुनर्विकास ठरलाच, तर करारात चौरस फुटांच्या आधी टक्केवारी पाहावी. नव्या इमारतीत दहाऐवजी चाळीस घरे झाली तर जुन्या रहिवाशाच्या पायाखालची जमीन किती उरते, गच्ची कोणाची, पार्किंग कसे वाटले जाईल, महिन्याचा खर्च किती वाढेल आणि निवृत्तिवेतनावर तो झेपेल का, हे प्रश्न पहिल्या बैठकीत विचारायचे आहेत. मोठा फ्लॅट मिळाला आणि तो चालवण्याचा खर्च परवडेना म्हणून विकावा लागला, तर पुनर्विकास कोणाचा झाला, हेही तेव्हाच विचारावे.

प्लॉटांच्या या शहराला एका छपराखाली, एका टाकीच्या पाण्यावर, एकत्र मालकीने राहण्याची शिस्त या लहान इमारतींनी लावली. त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहतील, काही ठिकाणी त्या राहायलाच हव्यात. पण चाळीस वर्षांत दहा घरांनी कमावलेली सवय, म्हणजे हिशेब उघडा ठेवणे, निर्णय एकत्र बसून घेणे आणि शेजाऱ्याच्या अडचणीला इमारतीची अडचण मानणे, ही कुठल्याही बिल्डरला बांधून देता येणार नाही. नव्या इमारतीच्या पहिल्या सभेला जुन्या रहिवाशांनी ती आपल्याबरोबर नेली पाहिजे.